टायपिंगला मदत

कूलरची खस, म्हणजे वाळ्याची जाळी, बदलली की आमच्याकडे उन्हाळा सुरू होतो. पंचांगात तो केव्हा सुरू होतो ते पंचांगवाल्यांनी बघावं. सीपरी बाजारात हातगाड्यांवर वाळक्या गवताच्या जाळ्या रचलेल्या दिसू लागतात, गाडीवाला त्यांवर पाणी शिंपडून वास दाखवतो, आणि दरवर्षी वास तोच असूनही गिऱ्हाईक मान डोलावून घासाघीस सुरू करतं. यंदाच्या जाळ्या मी घरी आणल्या, जुन्या उपसून काढल्या, पंप चालू केला. पहिलं पाणी झिरपत खाली उतरलं, ओल्या खसेचा तो थोडा मातीचा, थोडा देवघराचा वास खोलीभर झाला, आणि मला एकदम हेमंतचा राग आला.

वासानं माणसाला बालपण आठवतं असं सगळे लिहितात. मला गेला उन्हाळा आठवला. आणि राग हा शब्दही मी जरा सवलतीनं वापरला. षड्रिपूंमध्ये मत्सराला शेवटचा नंबर दिलाय तो योग्यच आहे. बाकीचे पाच येतात, धुडगूस घालतात, निघून जातात. हा शेवटी येतो आणि बैठक मारून बसतो. क्रोधानं राज्यं बुडाली, लोभानं घराणी बुडाली; मत्सरानं फार तर कुणाचा चहा कडू होतो. असा हा बिनभांडवली विकार, आम्हा नोकरदारांना परवडणारा.

गेल्या उन्हाळ्यात माझ्या दुपारी सुमतीकाकूंच्या खोलीत जात होत्या. काकू म्हणजे माझ्या वडिलांच्या धाकट्या भावाची बायको, दोन गल्ल्या सोडून राहतात. उभी नोकरी त्यांनी टेलिफोन एक्सचेंजात केली. कानाला हेडफोन लावून ट्रंक कॉल जोडायच्या. शहरात कोण कोणाला दर आठवड्याला फोन करतं आणि कोण फक्त मयत कळवायला करतं, हे त्यांना ठाऊक होतं, आणि ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही, निदान चहा झाल्याशिवाय नाही. काचबिंदूनं त्यांची नजर नेली. आता उजेड आणि सावली एवढंच कळतं. कान मात्र अजून नोकरीत आहेत.

आमच्या या बुंदेली मुलखात उरल्यासुरल्या मराठी घरांचं एक मंडळ आहे. पूर्वज कुणाचे पुजारी, कुणाचे कारकून, कुणाचे शिलेदार. पण सभेत बोलायला उभे राहिले की सगळ्यांचेच सरदार. त्या मंडळानं ठरवलं की प्रत्येक घराचा कुळाचार इंटरनेटवर ठेवायचा. विचार चांगला होता, मंडळाचा असूनही. मुलं बंगळुरूला, पुण्याला, कुणी परदेशात. मराठी ऐकून कळतं, बोलायची वेळ आली की हिंदीत शिरतात. महालक्ष्म्या कशा बसवायच्या हे विचारायला उद्या माणूस उरणार नाही. आमच्या घरात ते संपूर्ण माहीत असलेलं माणूस एकच होतं, आणि ते खाटेवर पडून कूलरला शिव्या देत होतं.

संकेतस्थळाची सजावट हेमंतकडे गेली. हेमंत माझा चुलतभाऊ, दुसऱ्या काकांचा मुलगा, पुण्यात कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. मंडळींच्या दृष्टीनं एवढं पुरे. पूर्वी तो मला जिज्जी म्हणायचा, इकडे सगळेच थोरल्या बहिणीला म्हणतात तसं. पुण्याला गेल्यापासून ताई म्हणतो. मजकूर गोळा करायचं काम माझ्याकडे आलं, कारण मी पुस्तकं वाचते अशी माझ्याबद्दल तक्रार आहे.

माझ्या लॅपटॉपवर आउटलाइनर नावाच्या जातीचं एक सॉफ्टवेअर आहे. त्यात नुसत्या ओळी असतात. एका ओळीच्या पोटात दुसरी, तिच्या पोटात तिसरी. हवी ती ओळ मिटायची, हवी ती उघडायची, अख्खी फांदी उचलून दुसरीकडे लावायची. कुळाचाराला याहून योग्य भांडं मला सुचत नाही. सण, सणाच्या पोटात दिवस, दिवसाच्या पोटात काय मांडायचं, काय रांधायचं, कुणी वाढायचं. आणि काकूंना आठवायचंही तसंच, उलटसुलट.

"आधी पावलं काढायची, मग दिवा," त्या डोळे मिटून सांगायच्या. "दिवा आधी लावलास तर पावलं काढताना पदराकडे लक्ष जातं, रेघ वाकडी येते."

"हे कारणही लिहू?"

"लिही. कारण नाही लिहिलं तर पोरी म्हणतील, असं कुठं लिहिलंय."

मग मध्येच, विसर्जनाच्या दिवसाबद्दल बोलता बोलता, "अगं थांब, आदल्या दिवशीची आंबील राहिली." मी ओळींत वर जायची, आंबील तिच्या जागी बसवायची, परत खाली यायची. लाइट जायची. कूलर एक लांब श्वास सोडून गप्प व्हायचा. काकूंची सून, रेखाभाभी, जवळच्याच मऊरानीपूरच्या हिंदी घरातली, बेलाचं सरबत आणि हातपंखा घेऊन यायची आणि दारातच उभी राहून ऐकायची, कारण पुढेमागे हे सगळं तिलाच करायचं होतं. बाहेर लूची झळ अशी वाहायची की कुत्रीसुद्धा नळाखालून हलत नसत. लॅपटॉपची बॅटरी टिकेल तोवर मी लिहिलेलं वाचून दाखवायची.

"परत वाच," काकू म्हणायच्या.

मी परत वाचायची. त्या मान हलवायच्या, आणि एखाद्या ठिकाणी ओठ माझ्याबरोबर हलायचे. माझ्या आयुष्यात माझं इतकं कुणी लक्ष देऊन ऐकलेलं नाही. कार्यालयात नाही, घरात तर नाहीच. त्या दुपारी माझ्या होत्या. हे तेव्हा मी मनाशी म्हटलं नाही. हेमंत आल्यावर म्हटलं.

तो मे महिन्यात आला. पापडाएवढा पातळ लॅपटॉप, गॉगल कपाळावर, आणि येताच काकूंच्या खाटेवर बसला. आम्ही सगळे काकूंना तुम्ही म्हणतो. हा पुण्याहून "अगं काकू, तू अजून तश्शीच आहेस" शिकून आला होता. काकूंनी त्याच्या गालावरून हात फिरवला. माझ्या गालाचं स्थान त्यांना माहीत आहे की नाही, याची मला शंका आहे.

त्यानं संकेतस्थळ दाखवलं. किल्ल्याचं चित्र सरकत होतं, अक्षरं सोनेरी होती, आणि पान उघडताच तंबोरा आपोआप सुरू होत होता. प्रत्येक घराचा कुळाचार एका महिरपीत बसवलेला.

"मजकूर मी तुला नीट एक्सपोर्ट करून देते," मी म्हटलं. "मथळा मथळा म्हणून येईल, यादी यादी म्हणून. वरून तू हवं ते नेसव."

"ताई, फॉन्टचा घोळ होतो गं. मी सगळ्याच्या इमेज करून टाकल्यात. एकदम सेफ."

ही आपल्या लोकांची खास खोड आहे. एकेकाळी मराठी अक्षरं कॉम्प्युटरवर खरोखरच मोडायची. वेलांटी एकीकडे, अक्षर दुसरीकडे. त्या धसक्यानं एका पिढीनं आपली भाषा चित्रांत भरली. लग्नाची पत्रिका चित्र, श्रद्धांजली चित्र, सकाळचा सुविचार तर चित्रच. अक्षरं कधीच सुधारली. धसका मात्र अजून ताजा आहे.

"पण चित्रातला मजकूर शोधता येत नाही," मी म्हटलं.

"लोक दिसतं ते बघतात, ताई."

काकू म्हणाल्या, "करू दे गं त्याला, गुड्डी. इतक्या लांबून आलाय." पन्नाशी उलटली तरी या घरात मी गुड्डीच आहे. मी दोन गल्ल्यांवरून येत होते. तेवढं अंतर कौतुकाला कमी पडतं.

लोकार्पण सोहळा एका मॅरेज गार्डनच्या हॉलमध्ये झाला. संकेतस्थळाचं उद्घाटन कसं करावं याला परंपरा नाही, म्हणून मंडळानं ती निर्माण केली. लॅपटॉपभोवती लाल फीत बांधली. प्रमुख पाहुण्यांनी कात्री चालवली. अध्यक्षांनी स्क्रीन वाचवण्यासाठी मध्ये आपला तळहात धरला, तेवढं एक शौर्य त्या संध्याकाळी घडलं. तंबोरा सुरू झाला आणि कुणालाच बंद करता येईना. त्या सुरावर तीन भाषणं झाली. पाहुण्यांनी संस्कृतीचा गौरव केला, अध्यक्षांनी पाहुण्यांचा, आणि मग हेमंत उठला. तो बरा बोलतो, हे मला मान्य करावं लागतं. काकूंच्या मुखातला ठेवा जगासमोर आणताना आपल्याला काय वाटलं ते त्यानं सांगितलं. त्याला खरंच वाटलं असावं, आवाज जरा हलला होता. शेवटी त्यानं आभार मानले. विजेच्या माणसाचे, चहावाल्याचे, आणि "टायपिंगला ज्यांनी मदत केली त्या आमच्या गुड्डीताईंचे."

टाळ्या पडल्या. मला एक झेंडूचा गुच्छ मिळाला, दांडीला ओला रुमाल गुंडाळलेला. हेमंतला शाल, श्रीफळ आणि किल्ल्याची काचेतली प्रतिकृती. पुढच्या रांगेत काकूही टाळ्या वाजवत होत्या. त्यांनी हात वर करून वाजवल्या, मी बघितलं. सगळा उन्हाळा मला एकाच गोष्टीची आशा होती, की हे गुड्डीनं केलं असं काकूंनी एकदा, कुणासमोर तरी, म्हणावं. त्यांनी शेजारणीला विचारलं, "शाल कोणत्या रंगाची दिली?"

दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. नजर गेल्यावर त्यांच्या फोनमध्ये बोलणारी बाई चालू करून दिली होती. बोट फिरवलं की पडद्यावर असेल ते ती वाचते.

"अगं, ते हेमंतचं लावलं. बाई म्हणते, चित्र. पुढे सरकले, चित्र. मग बटन. मग परत चित्र. एक्सचेंजात असं झालं असतं तर मी लाइनमन धाडला असता."

मला झालेला आनंद सभ्य माणसानं वर्णन करू नये. मी लॅपटॉप उचलला आणि भर दुपारी, डोक्याला ओढणी गुंडाळून, निघाले.

तरी पहिला डाव माझाही फसला. सॉफ्टवेअरमधून मजकूर जसाच्या तसा बाहेर काढला, तर त्यानं प्रत्येक ओळीला ठिपका लावून दिला, ठिपक्याच्या पोटात ठिपका. वर अक्षराचा रंग, आकार, फॉन्टचं नाव असं सगळं सामान प्रत्येक ओळीच्या पाठीवर बांधलेलं. फोनमधली बाई वाचू लागली, "बुलेट. बुलेट."

"हे काय बुलेट बुलेट?" काकू म्हणाल्या. "चंबळमधले डाकू सरेंडर झाले ना सगळे?"

मग मी बसले. कोणत्या थरातली ओळ मथळा व्हायची, कोणती उपमथळा, कोणता नुसता परिच्छेद, कुठे क्रम महत्त्वाचा म्हणून आकडे हवेत आणि कुठे क्रम नसल्यानं साधी यादी चालेल, हे सॉफ्टवेअरला एकदा सांगून ठेवता येतं. ते सांगितलं. रंग, आकार, सगळं उतरवून टाकलं. पानाच्या माथ्यावर भाषा मराठी असल्याचं नोंदवलं. राहिलेलं पान दिसायला अगदी बोडकं होतं. पांढऱ्यावर काळं. हेमंतनं ते बघून "ओके, बेसिक आहे" म्हटलं, पुण्यात हा शिष्टाचार असावा.

या स्वच्छपणाचं एवढं काय, असं मला मंडळात एकानं विचारलं होतं. तेव्हा मला रेखाभाभीचं ताट सांगता आलं नाही, नंतर सुचलं. काकू जेवतात तेव्हा त्यांना काही शोधावं लागत नाही. मीठ वर मध्यभागी, डावीकडे लिंबू, चटणी, कोशिंबीर, उजवीकडे भाजी आणि आमटी, मध्ये भात. मऊरानीपूरची मुलगी लग्न होऊन आली तेव्हा हे तिला विचित्र वाटलं होतं; आता तिचा हात चुकत नाही. काकूंचा हात डावीकडे गेला की चटणी लागते, कारण चटणी तिथेच असते. आणि याच काकू मॅरेज गार्डनच्या बुफेत तीसेक पदार्थांमधून उपाशी परत येतात. मजकुराचंही तेच. मथळा नुसता मोठ्या ठळक अक्षरांत काढला तर तो डोळ्यांना मथळा. फोनला ती आणखी एक ओळ. तो मथळा आहे असं आतून सांगितलं की बाई तिथे थांबते, आणि बोटाच्या एका फटकाऱ्यानं या मथळ्यावरून त्या मथळ्यावर जाता येतं. आवाहन. पूजन. विसर्जन.

काकूंना ते शिकायला माझा चहा थंड होण्याइतकाही वेळ लागला नाही. इथला प्लग काढ, तिथे लाव, हेच त्यांनी आयुष्यभर केलेलं. थोड्या दिवसांत त्यांनी बाईचा वेग वाढवायला लावला, मग आणखी वाढवायला. मला त्यातला एक शब्द कळेना.

भाषा मराठी सांगितल्यामुळे बाईचा आवाजही बदलला होता. आधीची हिंदी ढंगात मराठी वाचायची, अगदी आमच्यासारखी. ही नवी स्वच्छ, तोलून-मापून, नाकातून किंचितही न बोलणारी.

"ही कोण?" काकू म्हणाल्या. "पुण्याची दिसते."

तेव्हापासून ती पुण्याची बाई.

मंडळानं माझं पान जोडलं, पण हेमंतच्या सोनेरी पानाच्या तळाशी, 'अन्य' असं लिहून. अन्य. या शब्दाकडे मी बरेच दिवस बघत होते. तिथून आत शिरल्यावर मात्र माझं राज्य होतं, आणि त्या राज्यात मी एक गोष्ट जपली होती. महालक्ष्म्या घरात आणताना उंबऱ्यापाशी आतली बाई विचारते, "सुख घेऊन आलात?" आणि आमच्या घरात बाहेरची बाई देवीच्या वतीनं उत्तर देते, "हओ." हओ म्हणजे बुंदेलीत हो. कितव्या पिढीत कोणत्या सुनेच्या तोंडून ते आलं, कुणास ठाऊक. आमची देवी या एका शब्दापुरती इथली आहे. हेमंतनं आपल्या महिरपीत त्याचं 'होय' करून टाकलं होतं.

हे मी काकूंना सांगितलं. सांगताना चेहरा शक्य तितका दुःखी ठेवला, ते त्यांना दिसणार नव्हतं तरी.

काकू हसल्या. "असू दे. पुण्यात हओ कोण म्हणेल बिचाऱ्याला?"

बिचाऱ्याला. शाल, श्रीफळ, काचेतला किल्ला, आणि वर बिचारा. माणसाच्या नशिबात असावं तरी किती.

भाद्रपदात रेखाभाभीनं महालक्ष्म्या बसवल्या. बरुआसागरहून आलेलं आलं, अरवीची म्हणजे अळूची पानं, भाज्यांचा ढीग, ओटीवर तांदळाच्या पिठाची पावलं. काकू कोपऱ्यातल्या खुर्चीवर फोन घेऊन बसल्या होत्या. कुठे अडलं की त्यांचं बोट फिरायचं, पुण्याची बाई भराभर काहीतरी बोलायची, आणि काकू तिथून हुकूम सोडायच्या. मी लवकर पोचले होते, काही लागलं तर असावं म्हणून. काही लागलं नाही. उंबऱ्यावर भाभीनं अगदी खणखणीत "हओ" म्हटलं; तिच्या माहेरचाच शब्द तो. मला ते ऐकून भरून आलं, आणि त्याच वेळी कुणीतरी माझ्याकडे बघावं असंही वाटलं. दोन्ही खरं होतं. पहिलं जास्त होतं असं लिहिलं तर बरं दिसेल.

"दीदी, अम्माजी अब सब फोन से ही पूछ लेती हैं," जेवताना भाभी आनंदानं म्हणाली. "आपको बार-बार धूप में नहीं आना पड़ेगा."

तिनं चांगल्या मनानं म्हटलं. त्या दिवसापासून माझा हेमंतबद्दलचा मत्सर जरा कमी झाला, कारण ती जागा आता दुसरीला, पुण्याच्या बाईला, लागत होती. हेमंत निदान माणूस आहे, वर्षातून एकदा येतो. ही तिथेच असते, खाटेवर, उशीशेजारी. तिला तहान लागत नाही, तिची लाइट जात नाही, "परत वाच" म्हटलं की ती कंटाळत नाही. आणि तिला हत्यार मी दिलं. चित्रांच्या भिंतीपुढे ती मुकी उभी होती. मी तिला मथळे दिले, याद्या दिल्या, मराठी दिली. काम मळकं केलं असतं, एखादा धागा लोंबकळत ठेवला असता, तर काकूंनी मला हाक मारली असती. स्वच्छ करण्याचा हा परिणाम कुठल्या मदत-पुस्तिकेत लिहिलेला नाही.

काल खस बदलून झाल्यावर उरलेली जाळी घेऊन मी काकूंकडे गेले. म्हटलं, त्यांच्या कूलरलाही बसवावी. बाहेर ऊन भाजत होतं, गल्लीत फक्त ककडीवाल्याची हाक. खोलीत अंधार, भिजट गारवा, काकू डाव्या कुशीवर, फोन कानाशी. माझी चाहूल लागताच त्यांनी हात वर केला. थांब. मी जाळी हातात घेऊन उभी राहिले. बाईचं संपल्यावर त्या म्हणाल्या, "कोण, गुड्डी? बस."

"काय ऐकताय?"

"आपलंच. उन्हाळ्यात झोप येत नाही, मग लावते. एकेक दिवस करत जाते. भाद्रपद येईतो देहाचा काय भरवसा, म्हणून आत्ताच करून घेते."

मी जाळी खाली ठेवली. मग धीर करून म्हटलं, "मी वाचू? मागच्या वर्षीसारखं?"

"वाच की."

मी माझ्या फोनवर पान उघडलं. पूजनाचा दिवस. घसा साफ केला आणि सुरुवात केली, नीट, सावकाश, त्यांना आवडायचं तसं. समई कुठे, कलश कुठे, कोणती भाजी पहिल्यांदा वाढायची. निम्म्यापर्यंत पोचले तेव्हा काकूंची बोटं चादरीवर वाजू लागली, पलीकडचा माणूस फोन उचलायला वेळ लावतोय अशी.

"फार हळू वाचतेस गं," त्या म्हणाल्या. "राहू दे, दमशील."

आणि त्यांनी बोट फिरवलं. पुण्याची बाई जिथे मी थांबले होते तिथूनच उचलून, मला न झेपणाऱ्या वेगानं, पुढे वाचू लागली. काकूंनी डोळे मिटले. त्यांचे ओठ तिच्याबरोबर हलत होते. मी खुर्ची कूलरच्या झोतात ओढली आणि आमचं ते सगळं त्या दोघींच्यात कसं चाललंय, ते ऐकत बसले.